हरवलेल्यानं हलायचं नाही

प्रिय ताई,

पाकिटावर नाव नाही, पण आतलं अक्षर बघून तुला कळलंच असेल. माझ्या ओळी अजून उजवीकडे वर चढतात. लहानपणी तू पट्टी घेऊन शेजारी बसायचीस, तरी चढायच्या. पत्र फाडायचं असेल तर फाड, तुझा हक्कच आहे, पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. अकरा वर्षं आपल्यात एक शब्द झालेला नाही. मला तू परत हवी आहेस, एवढंच खरं म्हणजे सांगायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट तुला कळायला हवी, जी मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा नाही. ती लिहायचं धाडस गोळा होईपर्यंत तुला परवाचा दिवस सांगते. तुझ्या शेपटानं पाल्हाळ लावलं म्हणशील. लावते.

आम्ही चार दिवस समुद्रावर गेलो होतो. तुझ्या भाच्याला दोन वर्षांनी सलग सुट्टी मिळाली आणि सुनेनं सगळं ठरवून टाकलं. मी शिलाईच्या दुकानाला पाटी लावली, ‘सोमवारपर्यंत बंद. तोवर पिन लावून भागवा.’ ह्यांचं म्हणणं, अशी पाटी वाचून गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचं नाही. हे आहेत तसेच आहेत. थर्मास गळ्यात अडकवून हिंडतात आणि कुठेही गेलं तरी घरच्यासारखा चहा नाही म्हणून कुरकुरतात. नात सात वर्षांची आहे. तू तिला अजून पाहिलेलंच नाहीस. तिला आम्ही ‘चौकशी’ म्हणतो. डोळे उघडले की प्रश्न सुरू. माशांना तहान लागते का, समुद्राचं झाकण कुठे आहे, आणि आजी, दुकानातल्या फोटोत तुझ्या शेजारी उभी आहे ती मुलगी आता कुठे राहते. हा शेवटचा प्रश्न तिनं गाडीत विचारला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

शहर तेच होतं, ताई. बाबांनी एस.टी. डेपोच्या पासावर आपल्याला नेलं होतं ते. मी सुचवलं नव्हतं, सुनेनंच निवडलं. सकाळी सगळे मिळून धक्क्यावर फिरायला निघालो. आता तिथे सगळं चकाचक झालंय. कठड्याला नवा रंग, बसायला बाक, जागोजागी नकाशे. पण थोडं पुढे गेलं की जुनं तसंच आहे. होड्या उलट्या करून त्यांच्या पोटाला डांबर फासत होते. एक म्हातारा मांडी घालून जाळं सांधत होता. मी त्याच्या हाताकडे बघत उभीच राहिले. गाठ मारून दोरा दातानं तोडायची त्याची पद्धत अगदी माझ्यासारखी, आणि त्याचेही पुढचे दात माझ्यासारखेच झिजलेले. मासळीच्या लिलावाची ती लांबलचक इमारत आहे अजून, आत दुकानं झालीत. तिच्या पलीकडच्या अंगाला घड्याळाचा खांब होता, आठवतो? आम्ही अलीकडे होतो, बोटीच्या तिकीट खिडकीपाशी. खिडकीतल्या माणसाच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. मला असलंच काही दिसतं, काय करू.

त्या खांबाखाली मी सात वर्षांची असताना हरवले होते. क्रेननं पेट्या उतरवत होते, ते बघता बघता तुमचा हात सुटला. भोकाड पसरलं, पण जागची हलले नाही, कारण बाबांचा नियम. डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर सारा जन्म काढलेला माणूस तो. छत्र्या, डबे, एकदा तर कोणाची तरी कवळी, तिच्यासाठी म्हातारेबुवा तीन दिवसांनी हसत आले होते, दात नसताना. बाबा म्हणायचे, “छत्री स्वतःहून मालकाला शोधायला निघत नाही, म्हणून सापडते. माणूस निघतो आणि चुकामूक होते. हरवलेल्यानं हलायचं नाही. शोधणाऱ्यानं शोधायचं.” मला शोधायला बाबा एका दिशेला गेले आणि तुला बाकावर बसवून गेले. तू बसली नाहीस. साऱ्या धक्क्यावर धावलीस, एक चप्पल कुठे गेली ते तुलाही कळलं नाही. मला पाहिल्यावर आधी माझा कान पिळलास आणि मग मला कवटाळून रडायला लागलीस. तो क्रम माझ्या चांगला लक्षात आहे. त्या दिवसापासून बाबांनी माझं नाव शेपूट ठेवलं, ताईला चिकटून असते ती.

तर परवा मला तो खांब बघायचा होता. एकटीनं. ह्यांना म्हटलं, “दोन मिनिटांत आले,” पण हे तेव्हा थर्मासचं झाकण शोधत होते, त्यांनी ऐकलंच नाही. माझा फोन सुनेच्या पिशवीत. इमारतीतून आरपार जावं म्हणून आत शिरले, आतल्या गल्ल्यांत दोनदा त्याच टोपीवाल्याच्या दुकानापाशी पोचले, आणि कशीबशी बाहेर पडले ती नेमकी घड्याळाखाली. परत कुठल्या दारातून जायचं ते कळेना. म्हटलं, बाई, हरवलीस. आणि एकसष्टाव्या वर्षी मी त्याच खांबाला पाठ लावून उभी राहिले. हरवलेल्यानं हलायचं नाही. येतील शोधत. घड्याळात अर्ध्याचा ठोका पडला, मग पूर्ण तासाचा. आधी राग आला. मग रडूच फुटायला आलं. एवढी चार माणसं माझी, आणि एकालाही मला शोधावंसं वाटू नये?

शेवटी एक शेंगदाणेवाली आली. ती टोपली घेऊन इमारतीला सारख्या फेऱ्या मारत होती, तिनं मला तीनदा तरी पाहिलं असणार. म्हणाली, “बाई, तुमचं कोण हरवलंय का? पलीकडे चार जण तुमच्यासारखेच ताटकळत उभे आहेत. विचारलं तर म्हणतात, आम्हाला हलायची परवानगी नाही.”

ताई, ते सव्वा तास तिकीट खिडकीपाशी उभे होते! तुझा भाचा निघाला होता मला शोधायला, पण चौकशीनं त्याचा शर्ट धरून ठेवला. तिचं म्हणणं, आजी कधी हरवत नाही, आजीच सांगते, हरवतात ते बाकीचे. म्हणजे हरवलो आपण, मग आपण हलायचं नाही. आणि ह्यांनी तिचीच री ओढली. म्हणाले, “तिचा नियम मोडला तर जन्मभर ऐकावं लागेल, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.” सूनबाई बिचारी एकदा ह्यांच्याकडे, एकदा लेकीकडे बघत राहिली. मीच सगळ्यांना पढवलेलं, बोलणार कोणाला? सगळे पोट धरधरून हसलो. शेंगदाणेवालीही हसली. फक्त चौकशी हसली नाही. तिनं माझा पदर ओढला आणि विचारलं, “आजी, दोन्हीकडच्यांना वाटलं आपणच हरवलोय, तर मग शोधायला कोण येतं?”

मी तिचा हात धरून तिकिटं काढायला गेले. नंतर बोटीत बसलो. बोट थोडी आत गेल्यावर ती इमारत टोकाकडून दिसायला लागली, आणि घड्याळाचा खांब अन् तिकीट खिडकी, दोन्ही एकदम दिसली. मध्ये एक इमारत फक्त. शंभर-सव्वाशे पावलं असतील. मी कठडा धरून बसले आणि मला तुझी इतकी आठवण आली की मी तोंडाला पदर लावून वाकले. हे म्हणाले, बोट लागली असेल. मी हो म्हटलं.

कारण अकरा वर्षं मी अशीच खांबाला पाठ लावून उभी आहे. ताई चुकली, ताईनं यावं. ताई मोठी, तिनं शोधावं. दर वाढदिवसाला फोन जवळ घेऊन बसते आणि तो वाजला नाही की दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनवर राग काढते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसं माझं. आणि गंमत अशी की जिच्यावरून मी रुसून बसले, ती चूक तुझी नव्हतीच.

आता सांगते. बाबांच्या शेवटच्या आजारात सात महिने मी त्यांचं सगळं केलं. डेपोच्या वसाहतीतल्या त्या आतल्या खोलीत, खिडकीशी पलंग, स्टुलावर औषधं, पलंगाखाली भांडं. दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचे. तू मधून मधून सुट्टी काढून यायचीस, दोन दिवसांसाठी. आल्या आल्या हात धुऊन चादर बदलायचीस, उशी अशी काही लावायचीस की बाबा म्हणायचे, “आता कसं बरं वाटलं.” तू नर्स, तीस वर्षांचा हात तुझा. पण मी सात महिने लावलेल्या उशीला बाबा एकदाही तसं म्हणाले नव्हते. तू आलीस की ती खोली तुझी व्हायची आणि मी चहा करायला स्वयंपाकघरात जायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बाबांनी मला विचारलं, “ताईला कळवलंस?” मी म्हटलं, “कळवलं. निघाली आहे.”

मी कळवलं नव्हतं, ताई. दोन दिवस कळवलं नाही. मनात म्हणायचे, आज नको, उद्या सकाळी करू फोन. मला ते दोन दिवस माझे हवे होते. बाबांनी माझ्याकडे बघून एकदा तरी ‘आता बरं वाटलं’ म्हणावं, एवढंच हवं होतं. ते म्हणाले नाहीत. ते दाराकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा म्हणाले, “मग मी हलत नाही. येईल ती शोधत.” तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुला फोन केला आणि संध्याकाळी बाबा गेले. सकाळी तू दारात उभी राहिलीस, हातात पिशवी, केस न विंचरलेले, आणि भरल्या घरासमोर मी तुला म्हटलं, “या नर्सबाई. ड्युटी संपली. पेशंट गेला.” चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय. तू तशीच आत गेलीस, बाबांच्या अंगावरच्या चादरीचा कोपरा सारखा केलास, आणि सगळं आटोपल्यावर पाणीही न पिता निघून गेलीस. उशीर झाला म्हणून तू स्वतःला दोष देत असशील, हे मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. तुला उशीर झाला नव्हता. उशीर मी केला.

हे मी घरी बसून लिहीत नाही. काल ह्यांना फक्त एवढंच सांगितलं की मला ताईकडे जायचंय. त्यांनी आपल्या मावसभावाला फोन करून तुझा पत्ता घेतला आणि आज सकाळी थर्मास माझ्या गळ्यात अडकवून मला बसमध्ये बसवलं. तुझ्या घरासमोर औषधाच्या दुकानाशेजारी चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसले आहे. घर विचारावं लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर कपडे उंचीप्रमाणे लावलेत आणि मोज्यांची जोडी एकाच चिमट्यात आहे, असं वाळत घालणारी जगात एकच बाई. मघाशी तू टॉवेल उलटा करायला बाहेर आलीस. केस सगळे पांढरे झाले तुझे. डाव्या पायावर भार देत नाहीस, गुडघा आहे का गं? मी हाक मारणार होते, पण समोर आले की आधी भांडेन, ही भीती वाटली, म्हणून टपरीवाल्याकडून कागद आणि पाकीट मागून घेतलं. आता वर येते, हे दाराखालून सरकवते, बेल वाजवते आणि जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहते. बस संध्याकाळी सातची आहे, तोवर हलणार नाही. दार नाही उघडलंस तरी मला समजेल. उघडलंस, तर क्रम तोच ठेव, ताई. आधी कान पिळ. रडायचं ते मग.

तुझंच,
शेपूट