अमेरिकन पोरांबाबत माझ्या बावीस हरकती

२० जुलै, रविवार
वाडीच्या गणपतीत यंदा एकांकिका नाही, म्युझिकल. तेही अमेरिकेतल्या १९५७ सालच्या तरुण पोरांवर. तिसऱ्या मजल्यावरच्या नूपुरने लिहिलंय, तीच बसवतेय. नाव 'शनिवारची गाडी'. आज वाचन ऐकलं. काळी लेदर जॅकेटं, केसांचे कोंबडे, मोटारीच्या बॉनेटवर चढून नाच, मिल्कशेक. दोन अंकांत एकही पोरगा अभ्यासाला बसत नाही. संशयास्पद.

चौतीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटला काढली. खोटा क्लेम मला फाइल उघडायच्या आधी कळतो. नूपुरला म्हटलं, असली नाटकं वीस-पंचवीस वर्षांनी मोठी झालेली माणसं लिहितात, आपल्या तरुणपणाला रंग द्यायला. ती म्हणाली, बरोबर आहे काका, मलाही तसंच वाटतं. फार लवकर मान्य केलं. नोंद केली.

२१ जुलै
निश्चय: हरकती लेखी द्यायच्या. मी साक्षीदार आहे. अमेरिकेचा नव्हे, पण ते वारं गिरगावात आलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. १९६९. खोताच्या वाडीत फिलोमिनाच्या घरी दर रविवारी चार वाजता रेकॉर्डी लागायच्या आणि रॉक अँड रोल चालायचा. मी तिथे नाचलोय. हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, मीच सांगितलंय. आमच्या हिचं, नलूचं, माहेर फिलोमिनाच्या शेजारचंच. पण ती बिचारी तेव्हा क्रोशाच्या क्लासला जायची. तिला यातलं विचारण्यात अर्थ नाही.

२७ जुलै, रविवार
बारा हरकती झाल्या. पुरावा म्हणून माळ्यावरची जुनी अमेरिकन मासिकं काढली. १९५७च्या एकाही अंकात लेदर जॅकेट नाही. सगळी पोरं टाय लावून, भांग पाडून हसतायत. नूपुरने चाळली आणि म्हणाली, काका, या टूथपेस्टच्या जाहिराती आहेत. असोत. दात तर खरे होते ना.

पुढे म्हणाली, जॅकेटवाली पोरं तिथेही मूठभरच होती. आणि ज्या गाण्यांवर ती नाचायची ती कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून आलेली. पण अशा म्युझिकलमध्ये नेमकी त्या वस्तीतलीच पोरं दिसत नाहीत. म्हणून तिने त्यांचा एक प्रवेश घातलाय. ही हरकत मला सुचणारच होती. तेरावी म्हणून लिहून टाकली.

नलू हल्ली रोज पाचला बाहेर पडते. भजनी मंडळ म्हणते. पिशवीत टाळ नसतात, कॅनव्हासचे बूट असतात. लक्ष ठेवायला हवं.

३ ऑगस्ट, रविवार
हीरो ध्रुव. बँकेत नोकरी, वय बत्तीस, काम कॉलेजकुमाराचं. (हरकत पंधरा.) त्याचा कोंबडा सारखा पडतो. म्हटलं, बस इथे. एरंडेलात मेणबत्ती वितळवून चोपडलं. आमच्या वेळची अस्सल कृती. कोंबडा दिमाखात उभा राहिला.

५ ऑगस्ट
कोंबडा अजून उभा आहे. ध्रुवने शिकेकाई, बेसन आणि भांड्यांचा साबण लावून पाहिला म्हणे. जिन्यात भेटला, तोंड फिरवून गेला. श्रेय द्यायचं लोकांच्या जिवावर येतं.

९ ऑगस्ट, शनिवार
मंडळाचा सेक्रेटरी विकास जिन्यात थांबून बोलला. त्या काळी हा नाच प्रत्यक्ष नाचलेलं आपल्यातलं एक माणूस आहे, मध्यंतरात त्याचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, दोन शब्द. नाव शेवटपर्यंत गुप्त. मी चेहरा कोरा ठेवला. मग त्याने विचारलं, काकूंना मोरपंखी रंग आवडतो ना? समजलो. घरच्या बाईची आवड विचारून शाल घेणारा सेक्रेटरी विरळा. साठ वर्षं या वाडीत राहतोय, एकदाही स्टेजवर बोलावलं नव्हतं कोणी. उशिरा का होईना.

निश्चय: एक, भाषण, आठ मिनिटांचं. दोन, रोज वीस मिनिटं नाचाचा सराव. लोक आग्रह करणारच.

१० ऑगस्ट
सराव चार मिनिटं. कमरेत लचक. फरशी ओली होती.

११ ऑगस्ट
फरशी ओली नव्हती, असं नलूचं म्हणणं. शेक मात्र दिला. शेकताना गुणगुणत होती. भजन नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार
नूपुरने विचारलं, काका, नाचताना मुलीचा हात नेमका कसा धरायचात? म्हटलं, प्रसंगानुसार. तिने लिहून घेतलं नाही. ही मुलगी मला तपासतेय. तिला दुसरीकडून माहिती मिळतेय. म्हणे मुली मुलींबरोबरच नाचायच्या आणि मुलगे भिंतीला टेकून उभे असायचे. कोणी सांगितलं विचारलं तर हसली. धादांत खोटं. हरकत बावीस.

कमरेचं मलम संपलं. मी निम्मंच वापरलं होतं. उरलेलं कुठे गेलं?

२४ ऑगस्ट
भाषण पाठ. तेरा मिनिटं होतंय, पण कापण्यासारखं काही नाही. सुटाचं बटण लागत नाही. लाँड्रीवाल्याने आटवला. माझी हरकतींची फाइल तालमीत दिसली, तिच्यावर चहाचे तीन कप होते.

३० ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी सहा
निघतोय. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरून ठेवायला सांगितलीय, उठायला सोपी. नलू आधीच गेली, मोरपंखी साडी नेसून. शालीला मॅच व्हावी म्हणून असणार. तेवढी समज आहे तिला.

३१ ऑगस्ट, सकाळी साडेसहा
वस्तुस्थिती, क्रमवार.

विकासने माइकवर सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं. तो पुकारत असतानाच मी उभा राहिलो. बटण तुटलं. नाव नलूचं होतं. उभाच होतो म्हणून टाळ्या वाजवल्या.

महिनाभर पोरांना नाच तिनेच शिकवलाय. रोज पाचला. स्टेजवर ती नूपुरबरोबर दीड मिनिट नाचली. हात कसा धरतात ते कळलं. मी बघतच राहिलो.

मग ती बोलली. आईला क्रोशाचा क्लास सांगून ती दर रविवारी फिलोमिनाकडे जायची. सहाच्या आत घरी. मुली मुलींबरोबर नाचायच्या, मुलगे भिंतीला. म्हणाली, म्युझिकलमध्ये सगळे नाचतात, खऱ्यात निम्मे नुसते बघत असतात. आणि एक मुलगा तर भिंतीपर्यंतही आला नाही. केसांचा कोंबडा करून बाहेर गल्लीत उभा राहायचा. अकरा रविवार. खिडकीला जाळीचा पडदा होता, त्याला आतलं दिसायचं नाही, आम्हाला तो दिसायचा. फिलोमिना म्हणायची, बोलव गो त्याला आत. माझी हिंमत झाली नाही. आठ वर्षांनी तोच मुलगा आमच्या घरी पोहे खायला आला. मी लगेच हो म्हटलं.

वाडी खूप हसली. मग का कोण जाणे, टाळ्या वाजवायला लागली. ध्रुवचं हसणं सगळ्यात शेवटी थांबलं. भाषण खिशातच राहिलं.

घरी आल्यावर विचारलं, अठ्ठेचाळीस वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, अहो, तुम्ही तो नाच इतका रंगवून सांगायचात, मला ऐकायला आवडायचं. आणि शाल माझ्या कमरेवर टाकून झोपून गेली. शाल ऊबदार आहे. शुद्ध लोकर म्हणतात, मला शंका आहे.

हरकत तेवीस: अकरा रविवार नव्हे, नऊ. मधले दोन रविवार मला कांजिण्या झाल्या होत्या.