टेपवरून पुसलेलं नाव

आये, त्या मुलीचं नाव काय होतं, एवढंच मला तुला विचारायचं आहे. बाकीचं सगळं लिहितोय ते त्या एका प्रश्नाला धीर यावा म्हणून. तुला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवायचा असला तरी तू आधी तो पदराला पुसून घ्यायचीस आणि मगच शाईला लावायचीस. आणि तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझ्या चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली आणि तिच्यावर रांधणाऱ्या तुझ्या सुनेचेही केस पिकले. तरी लिहितो. गेल्या आठवड्यात तुझ्या नातीने आपल्या सिनेमाची जुनी सीडी कोणाकडून तरी मोबाईलवर उतरवून घेतली. दुपारी मी आत पडलो होतो म्हणून ती पडवीत बसून आवाज बंद ठेवूनच बघत होती. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाली, "पप्पा, आजी इथे वेगळंच बोलतेय. आवाज लावला की 'ये गं बाळा' ऐकू येतं, पण तोंड तसं हलत नाही. काय म्हणतेय ती?" मी म्हटलं, जुना सिनेमा आहे, तेव्हा असंच व्हायचं. पोरगीने आवाज बंद करून तेच पुन्हा लावलं. तिला पटलं नाही हे मला दिसलं.

सिनेमाची खाज मला कशी सुटली ते तुला कधी नीट सांगितलं नाही. जव्हारात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान बरं चाललं होतं. तेव्हा शहरातली माणसं गाड्या घेऊन यायची, मोखाड्याच्या रस्त्याला लागायची, पाड्यावरच्या पोरांच्या बरगड्यांचे फोटो काढायची आणि उन्हं उतरायच्या आत शिरपामाळावर येऊन मावळता सूर्य बघायची. एकदा मी त्यांचं सामान उचलायला आणि वाट दाखवायला गेलो होतो. एका बाईला त्यांनी तीनदा घरातून बाहेर यायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळा ती हसली होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपली गोष्ट आपण काढू, आपल्या माणसांना दाखवू, यांची गरजच काय. मोठा शहाणा होतो मी. कॅमेरा माझा, माईक बांबूला बांधून धरायला एक मास्तर मित्र, आणि बाकी सगळं उसनवारीचं. तू मात्र पहिल्या दिवशीच तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची खोळ शिवून दिलीस, धूळ बसू नये म्हणून. कॅमेऱ्याला नजर लागेल म्हणून तिच्या नाडीत काळा दोराही ओवलास, आणि आम्ही दोघं तुला हसलो.

गोष्ट मी तुला चुलीपाशी बसून सांगितली. दिवाळीनंतर पाड्याला कुलपं लागतात, माणसं जगायला वीटभट्टीवर जातात. एक म्हातारी मागे राहते. लेक आणि जावई भट्टीवर गेलेत, तिकडे लेक मरते, आणि म्हातारीला कोणी सांगतच नाही. ती रोज दोन भाकऱ्या थापते आणि दारात उभी राहून लेकीला हाक मारते. तू ऐकता ऐकता लाकूड आत सारायचं विसरलीस. मग विचारलंस, "ही गोष्ट तुला कोणी सांगली?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच रचली. "रचली," तू म्हणालीस. मग लाकूड आत सारत, "आन् माला कशाला? बाजारात बायका काय कमी हायत?" मी म्हटलं, तुझ्यासारखी नागलीची भाकर कोणाला थापता येत नाही, पडद्यावर खोटी दिसेल. "बरा," तू म्हणालीस, "पोटचा हायस, सांगशील ता करीन." मला वाटलं, किती सहज तयार झाली. आता कळतं, मी तुला तुझीच गोष्ट सांगत बसलो होतो. बाबाने मला एकदाच सांगितलं होतं की माझ्याआधी एक मुलगी होती, चार वर्षांची. मी तुझ्या अंगावर पीत होतो तेव्हा तुम्ही भट्टीवर गेलात, तिथे तिला ताप आला, आणि तिथेच ओढ्याकाठी तिला मातीआड केलं. नाव बाबानेही सांगितलं नाही. गेलेल्याचं नाव घेतलं की ते मागं बघतं आणि मग त्याला पुढे जाता येत नाही, असं तू म्हणतेस, म्हणून आपल्या घरात ते घेत नाहीत, एवढंच तो म्हणाला. हे सगळं मला ठाऊक होतं, आये. ठाऊक असून गोष्ट रचताना एकदाही डोक्यात आलं नाही. इतकं कसं आलं नाही, हे माझं मलाच उमगत नाही.

तो दिवस माघातला आहे. कुडाच्या फटींतून ऊन येतंय, धूर त्या उन्हात अडकून राहिलाय आणि मी खूश आहे, कारण असा उजेड लग्नाच्या हॉलमध्ये जन्मात मिळत नाही. तू तव्यावरची भाकर उलटतेस, पातेल्याला टेकवून ठेवतेस, उठतेस आणि दाराच्या चौकटीला हात लावतेस. कागदावर एकच वाक्य आहे: ये गं पोरी, भाकर निवतेय. सकाळपासून मी ते तुझ्याकडून दहा वेळा घोकून घेतलंय. तू बाहेर बघतेस. तोंड उघडतेस आणि एक नाव घेतेस. मग म्हणतेस, "ये गो. किती हाका मारू? तुझा बा पन जेवला. तुझ्या वाटची झाकून ठेवली हाय, ये." मास्तरच्या हातातला बांबू खाली आला होता. आणि मी, तुझा लेक, बॅटरीच्या लाल दिव्याकडे बघत ओरडलो, "कट! आये, कागदावर आहे तेवढंच बोल ना. मधेच काय घुसडतेस? टेप फुकट जाते." तू वळलीस, कोरडेच हात लुगड्याला पुसलेस. "चुकला रं," म्हणालीस, "परत करतां." आणि परत केलंस. मग परत, आणि परत. तिन्ही वेळा शाळेतलं पोर कविता म्हणतं तसं बरोब्बर तेवढंच वाक्य. तुझं बाकीचं बोलणं मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. नाव तेवढं नाही. कधीच कानावर पडलं नव्हतं, म्हणून मी ते नाव म्हणून ऐकलंच नाही, चूक म्हणून ऐकलं.

नाशिकला ज्याच्याकडे सिनेमा जोडायला नेला, तो भला माणूस होता. त्याने चारही वेळचं बघितलं आणि म्हणाला, चेहरा पहिलाच घ्यायचा, बाकीच्यात काही नाही. मग म्हणाला, आवाज मात्र चालायचा नाही, वारा शिरलाय, आणि ही भाषा जव्हार-मोखाड्याबाहेर कोणाला कळणार? रेडिओवर नाटकं करणाऱ्या एका बाईला बोलावलं. तिने पडद्याकडे बघत तुझ्या तोंडात "ये गं बाळा, भाकरी गार होतेय" घातलं. गोड बोलायची बाई. मी मान डोलावली. आपली गोष्ट आपल्या माणसांसाठी काढायला निघालेला मी, पहिल्यांदा काय केलं तर तुझी जीभ कापली. आणि टेपा? टेपा काडेपेटीएवढ्या, पण आम्हा शूटिंगवाल्यांना त्यांचा जीव की प्राण. एकीवर एकदा काढून कोणी ठेवून देत नसे. लग्नांवर वापरलेल्या टेपांवर मी सिनेमा काढला होता, लग्नसराई आली तशी सिनेमाच्या टेपांवर लग्नं काढली. नाशिकवाल्यानेही कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून दुसऱ्याचं काम घेतलं. तुझी ती टेप मी पुढे शोधून काढली. जिथे तू दारात उभी होतीस तिथे आता कोणाच्या तरी वरातीत बँजो वाजतोय आणि नवरदेवाचा मामा रुमाल तोंडात धरून नाचतोय.

सिनेमा कोणी घेतला नाही. थेटरवाल्याने पोस्टर बघून विचारलं, "यात आहे कोण?" मी म्हटलं, माझी आई. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मग आम्हीच निघालो. जीपमध्ये टीव्ही, सीडीचा डबा आणि जनरेटर. बाजाराच्या दिवशी गाव गाठायचं, शाळेची खोली मागायची, भर दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावायची आणि माणसं कोंबायची. तिकीट म्हणून कोणी मूठभर तांदूळ टाकायचं, कोणी नुसतंच "येतां रं" म्हणून आत शिरायचं. पहिला खेळ आपल्याच पाड्यावर लावला. तू पुढे बसलीस, नवं लुगडं नेसून. तुझ्या तोंडून ती नाशिकची बाई बोलायला लागली तशा बायका खिदळल्या. तू मला हळूच विचारलंस, "ही बाई कोण रं? ग्वाड बोलते." मग ते दार आलं, आणि तू मान खाली घातलीस. घरी आल्यावर विचारलंस, "मी बोल्ली होती ता पुसला का?" मी म्हटलं, हो आये, ती चूक होती, काढून टाकली. "बरा झाला," तू म्हणालीस, "नायतर ती मागं बघत रेली असती." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कोणाचं नाव होतं ते. त्या दिवशी तू जेवली नाहीस. तुझ्यासमोर बसून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि काही विचारलं नाही. पुढे दोन पावसाळे तू होतीस. रोज वाटायचं, विचारू, घाई काय आहे. दुसऱ्या पावसाळ्यात तुला ताप भरला, ओढ्याला पूर होता, आणि आम्ही तुला खाटेवर घालून पलीकडे न्यायच्या आत तू संपलीस.

तुझ्यामागे मी ते पुष्कळ शोधलं. जन्माची नोंद कुठेच नाही, भट्टीवर गेलेल्या पोरांची कोण करणार? बाबा आधीच गेलेला. मास्तर म्हणतो, त्याने ऐकलं होतं, पण आता काही सांगता येत नाही. राहतात ते पडद्यावरचे तुझे ओठ. ते सुरुवातीला एकदा मिटतात आणि मग उघडतात. म्हणजे प असेल, ब असेल किंवा म. त्या वेळच्या पोरींची नावं मी एका वहीत लिहून काढलीत आणि दाढी करताना आरशासमोर एकेक म्हणून बघतो. बायकोला वाटतं, हा म्हातारपणी मंत्र म्हणायला लागला. कधी वाटतं जुळलं, मग दुसरंही तसंच जुळतं. मला स्वतःची शरम वाटते, आये. आणि तुझा रागही येतो. एकदा तरी कानात सांगायचं होतंस. मी काय परका होतो?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पोस्टात टाकायचं धाडस झालं नसतं. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या खोळीत ती वरातीची टेप ठेवलीय, तिच्याशेजारी हे ठेवून देतो. पण नाडी बांधायच्या आधी साखरशेतचं सांगायचं राहिलंय, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तू गेल्यावर मी खेळाआधी चार शब्द बोलायला लागलो होतो. म्हणायचो, ही माझ्या बहिणीची गोष्ट आहे. असं म्हटलं की माणसं गप्प बसून बघायची, म्हणून म्हणायचो. साखरशेतच्या खेळाला तुझी ती मावसबहीण आली होती, भट्टीवर दोन हंगाम तुझ्या शेजारच्या झोपडीत राहिलेली. सिनेमा संपला, गोणपाटं काढली, खोलीत ऊन आलं. मावशी भिंतीला धरत धरत पुढे आली आणि भरल्या खोलीत म्हणाली, "तिनं पोरीचा नाव घेतला. मी पायला. आवाज दुसरीचा हाय, पन त्वांड तिचाच हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीने माझा हात धरला. "तुला ठावं हाय ना रं नाव? आयेनं सांगला ना तुला?" आत्ताच भाषण ठोकलं होतं मी, बहिणीची गोष्ट म्हणून. वर्षभराने मी पुन्हा तिच्या दारात गेलो, तेव्हा ती उरली नव्हती. पण त्या दिवशी ती माझा हात धरून उभी होती, आणि मी म्हटलं, "हो मावशी, ठाऊक आहे." तिने हात सोडला. "मंग बरा," म्हणाली, "माझ्यामागं कोनाला तरी ठावं पायजे." आणि मी टीव्हीची वायर गुंडाळायला लागलो.