नमुना विक्रीसाठी नाही

प्रिय ठोकळ्या,

पत्र बघून दचकू नकोस. पॉलिशवाल्या काकांनी ते चिंध्यांच्या पिशवीत घालून आणलंय, त्यामुळे त्याला स्पिरिटचा वास येत असणार. आधी त्यांना चहा दे, मग दार लावून वाच. वाचून झालं की जपून-बिपून ठेवू नकोस, भुशाबरोबर जाळून टाक. ठोकळ्या म्हटलेलं अजून चालतं ना? बाबांच्या मागे आता तू कारखान्याचा मालक आहेस, पण लाकडाचे ठोकळे उशाशी घेऊन झोपणारा भाऊ मला अजून तसाच दिसतो. दोन वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस. बरोबरच आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर पत्र न फोडता परत पाठवलं असतं. तू तसं करणार नाहीस, कारण तू माझ्यापेक्षा भला आहेस, आणि त्याचा फायदा मी लहानपणापासून घेत आलेय.

तुला वाटत असेल, ताई मजेत आहे. सगळ्यांनाच वाटतं. खाली दोन मजले दुकान, वर आमचं घर, आणि जिन्याच्या तोंडाशी सुबक अक्षरांत पाटी: 'राहतं घर पाहायला वर या'. सोफा दुकानात बघून गिऱ्हाईकाला काही कळत नाही, तो घरात कसा दिसतो ते दाखवायला हवं, ही तुझ्या भाऊजींची कल्पना. ते दाखवायचं घर म्हणजे आमचं घर. दिवे, पडदे, गालिचे, पलंग, सगळं विकायचं. कोणी जिना चढायला लागलं की वर एक छोटी घंटा वाजते. मग माझ्या हातात तीन मिनिटं असतात. दात घासायचे ब्रश, औषधं, चपला, चहाची गाळणी, चष्मा, म्हणजे इथे माणूस राहतो याच्या जेवढ्या खुणा असतील तेवढ्या कपड्यांच्या टोपलीत कोंबायच्या, टोपली न्हाणीघरात लपवायची आणि खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसायचं. पुस्तकंही रंग बघून आणलेली आहेत. त्यातलं एक मी वर्षभर वाचतेय आणि ते कालव्यांच्या बांधकामाविषयी आहे. चार वर्षांत मी अकरा पलंगांवर झोपले. एकदा भाजी चिरत होते तर समोरचं टेबलच विकलं गेलं, उरलेली भाजी मी खिडकीच्या कट्ट्यावर चिरली. हसतोस ना? पहिली दोन वर्षं मीही हसत होते.

खोटं कशाला बोलू, या सगळ्याचं वेड मलाच होतं. बाबा खिळे आणायला पाठवायचे आणि मी तासभर गायब असायचे, आठवतं? दुकानांच्या काचांना नाक लावून मी खुर्च्या बघत असायचे. बाबांच्या वस्तू दणकट, पण देखणेपणाशी त्यांचं जरा वाकडंच होतं. मला सडपातळ पायांची टेबलं हवी असायची, एका बाजूला कललेले दिवे, हातमागाचे जाडसर पडदे. पुढे मी गल्लीबोळांतून हिंडून एक-एक कारागीर शोधून काढला, कोण वेत विणतो, कोण मातीचे दिवे करतो, कोण जुन्या दारांची टेबलं करून देतो. असंच हिंडता हिंडता या दुकानात शिरले. वेताच्या पाठीची एक खुर्ची होती, इतकी नाजूक की उभी कशी राहते तेच कळेना. मी ती सरळ उचलली, उलटी केली आणि सांधे बघितले. बाबांची शिकवण, वस्तू आधी उलटी करून बघायची. तुझे भाऊजी लांबून बघत होते. म्हणाले, आजवर खुर्चीचं पोट बघणारं गिऱ्हाईक आलं नव्हतं. दोन महिन्यांत मी त्यांच्याकडे मांडणी करायला लागले, सहा महिन्यांत लग्न. त्यांना माझी नजर आवडली होती आणि मला वाटलं, मी आवडले. खुर्ची उलटी करून बघितली, माणूस बघायचा राहून गेला. मी शोधलेले ते सगळे कारागीर आता मंगळवारी मागच्या दारानं येतात, आणि मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं असा दंडक आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. दोन वर्षं टाळलंय, आता टाळत नाही. तू शिसवी चौकटीचा आरसा घेऊन आला होतास. कडेनं बारीक पानांची वेल, स्वतः कोरलेली, माझ्यासाठी. आरसा खांद्यावर, शर्टावर भुसा, असा तू दुकानातून वर आलास तेव्हा दिवाणखान्यात एक जोडपं पडदे बघत होतं. तुझे भाऊजी हसून त्यांना म्हणाले, हे आमचे कारागीर. तू माझ्याकडे बघितलंस. मला फक्त म्हणायचं होतं की हा माझा भाऊ आहे. त्याऐवजी मी म्हणाले की आरसा तिकडे भिंतीला टेकवा, आणि जाताना मालाच्या लिफ्टनं उतरा. टेकवा म्हणाले रे मी. उतरा म्हणाले. ज्याच्या पाठीत धपाटे घालून ज्याला वाढवलं, त्याला मी तुम्ही म्हणाले. तू मान डोलावलीस, बरं बाई म्हणालास, तुझ्या भाऊजींनी लिफ्टला किल्ली लावून दिली आणि तू गुंडाळलेल्या दोन गाद्यांच्या मधे उभा राहून खाली गेलास. मला लाज वाटते. तोंड दाखवायला जागा नाही अशी लाज वाटते. आरसा आठ दिवसांत विकला गेला आणि तेवढ्या दिवसांत मी त्यात एकदाही नीट बघितलं नाही.

तू विचारशील, मग निघून का येत नाहीस. निघाले होते. खाली जायला एकच जिना, तो दुकानातून. गेल्या वर्षी एका सकाळी पर्स घेऊन उतरले. चार सेल्समन उभे राहिले. मॅनेजरनं विचारलं, मॅडम कुठे, गाडी बोलावू का, आणि बोलता बोलता फोन लावला. पाच मिनिटांत तुझे भाऊजी हजर. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत, आवाज चढवणं त्यांना गावठी वाटतं. त्यांनी हसत माझ्या हातातली पर्स घेतली, दाराजवळच्या अरुंद टेबलावर ठेवली, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि म्हणाले, इथे छान दिसते, राहू दे. पर्स पंधरा दिवस तिथेच होती. माझा फोन दिवसभर खाली काउंटरवर असतो, कारण दुकानाच्या कार्डावर त्याचाच नंबर छापलाय. संध्याकाळी हातात मिळतो तेव्हा ते शेजारी बसलेले असतात. एकदा धीर करून एका गिऱ्हाईक बाईंना स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की मला इथून जायचंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या की असं घर मिळालं तर मी उंबरा ओलांडणार नाही. मला इथे गुदमरतं, ठोकळ्या. मारहाण नाही, उपासमार नाही, मग तक्रार तरी काय करायची आणि कुणाकडे? परवा घंटा वाजलीच नव्हती, तरी मी टोपली लपवून खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. पुस्तक उलटं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

या घरात विकायची नसलेली एकच वस्तू होती, बाबांनी केलेलं स्टूल. मी सहा वर्षांची होते, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्यापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून केलेलं. एक पाय आखूड पडला, तर बाबांनी त्याला खालून चामड्याचा तुकडा ठोकला. चूक मात्र शेवटपर्यंत कबूल केली नाही, म्हणायचे जमीनच वाकडी आहे. मी ते ओट्याखाली सरकवून ठेवायचे आणि दोन घंटांच्या मधे त्यावर बसून चहा प्यायचे. गेल्या महिन्यात तुझ्या भाऊजींना ते दिसलं. सध्या हातानं केलेल्या, जरा ओबडधोबड वस्तूंची चलती आहे. त्यांनी ते उचललं आणि माझ्याकडूनच शिकलेत म्हणून उलटं केलं. खाली बाबांच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'नमुना'. ते कोणाला म्हटलंय हे तुला सांगायला नको. खिळे लांबीप्रमाणे ओळीत लावून त्यांची शाळा घेणारी मुलगी. बाबा कपाळाला हात लावायचे, काय नमुना आहे म्हणायचे, आणि शेवटी मला तेच नाव पडलं. तुझ्या भाऊजींना वाटलं, सुतारानं पुढच्या मालासाठी करून ठेवलेला नमुना. मला विचारलं, हे वडिलांचं सँपल का? मी हो म्हणाले. आता ते दिवाणखान्यात मधोमध आहे, वरून दिवा सोडलाय, आणि शेजारी कार्ड: 'नमुना. विक्रीसाठी नाही. हात लावू नये.' खिडकीपाशी बसून मी दिवसभर ते कार्ड वाचते. माझ्याच गळ्यात अडकवलंय असं वाटतं.

गिऱ्हाईकं त्या स्टुलावर भाळली आहेत. तशीच वीस हवीत, आखूड पायासकट, चामड्यासकट. या आठवड्यात मॅनेजर तुला फोन करील. तुझं डोकं फिरेल, फिरू दे, पण नाही म्हणू नकोस. हो म्हण, आणि एवढंच सांग की मूळ वस्तूचं माप स्वतः घेतल्याशिवाय कामाला हात लावणार नाही. नमुना इथून बाहेर जात नाही, म्हणून तुलाच वर बोलावतील, आणि बोलावतील ते मंगळवारी. मंगळवारी दुकान बंद, शटर खाली, सेल्समन नाहीत, तुझे भाऊजी दिवसभर गोदामात. मॅनेजर मागच्या गल्लीत मालाच्या लिफ्टची किल्ली कारागिराच्या हातात देतो आणि पुढे ऑफिसात जाऊन बसतो, त्या लिफ्टमधून यायला त्याला कमीपणा वाटतो. किल्लीशिवाय ती हलत नाही. काकांबरोबरही मी आले असते, पण त्यांचं पोट या दुकानावर आहे, आणि मला न्यायला माझं माणूस हवंय. टेम्पो गल्लीत तोंड बाहेर करून लाव. ज्या लिफ्टनं तुला खाली धाडलं, तिच्यातूनच मला घेऊन जा. कपडे घेणार नाही, ते सगळे पडद्यांना शोभतील अशा रंगांचे आहेत. स्टूल तेवढं उचलीन आणि कार्ड तिथेच ठेवीन. तू वर आलास की मी 'ये रे ठोकळ्या' म्हणणार आहे, रोज मनात घोकतेय. तू काही बोलला नाहीस तरी चालेल. माप घ्यायची टेप आणायला विसरू नकोस, मॅनेजर हातात काय आहे ते बघतो. येशील ना?

तुझीच,
नमुना