पुसलेल्या लाल रेघा

मंगळवार, संध्याकाळ. नेसरी.

साइटवरून भांडून आलेय.

सोलर पॅनेलचा बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर लाल रेघ मारायची, हा आमचा नियम. रेघ म्हणजे काम झालं. उद्या सकाळी तपासणी. आज माळावरच्या शेवटच्या रांगेत एका बोल्टला सहज बोट लावलं, तर तो रेघेसकट फिरला. शेजारचाही!

ती रांग सागरची. आम्ही दोघं इंजिनियर एकाच दिवशी इथं रुजू झालो. विचारलं तर म्हणतो, "वेळ न्हवता, म्हणून रेघा आधी मारल्या. तपासणी झाली की आवळतो की!"

"आणि वळीव आला तर?"

"आजच यायलाय व्हय?"

दुपारी शेजारच्या शेतात भांगलणाऱ्या बायका त्याच पॅनेलांच्या सावलीत भाकरी खातात. याला दिसत नाही? की मीच भित्री? साहेबांना सांगावं तर याची नोकरी जाईल. गप्प बसावं तर...

शेवटी थिनरचं फडकं घेतलं आणि त्या रांगेतल्या सगळ्या रेघा पुसून काढल्या. तो ओरडत होता, "येडी हायस काय! सकाळी काय दाखवायचं?"

"जे हाय ते दाखव," म्हटलं आणि निघून आले. बोटांचा लाल रंग साबणानं जात नाही.

ढग भरून आलेत, वारं सुटलंय. आत्ताच सागरचा फोन आला. मागं पत्रा हलावा तसा आवाज.

"पाना घेऊन लवकर ये. एका हातानं पॅनेल धरलंय."