फडक्याची गाठ दिसते, ट्रॉलीचा नंबर नाही

मंगळवार, दिवेलागण

आज मोबाईलवर दंड आला. सोबत फाट्यावरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. मोटारसायकलवर पुढं थोरला भाऊ अण्णा, मागं मी, आणि माझ्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेल्या आबांच्या अस्थी. पुणतांब्याला गोदावरीत सोडायला निघालो होतो. दोघंही बोडक्या डोक्यानं. आत्याच म्हणाली होती, "बापाच्या अस्थी नेताना डोक्यावर कायबी घालायचं न्हाई." हेल्मेटं घरीच राहिली.

फोटो इतका स्वच्छ आलाय की फडक्याची गाठसुद्धा दिसते.

मग याच कॅमेऱ्याखाली उसाच्या ट्रॉलीनं आबांना उडवलं, तेव्हा काय झालं होतं? तोही फोटो बघितलाय मी. ट्रॉली दिसते, आडवी पडलेली सायकल दिसते, शेजारी आबा दिसतात. नंबरावर मात्र ऊस लोंबतोय. "नंबरच न्हाई, तर धरायचं कुणाला?" हवालदार म्हणाले. वाईट त्यांनाही वाटत होतं.

मगाशी अण्णा गावाचा अर्ज घेऊन आला. फाट्यावरचा कॅमेरा गावाला नुसता दंडच लावतो, तो बंद करा म्हणून. "समद्यांच्या सह्या झाल्या. तुझीच ऱ्हायलीय, कर की!"

पेन हातात धरून बसलो. चीड मलाही आलीय. पण कॅमेरा बंद केला, तर उद्याच्या ट्रॉलीला बघणार कोण? आणि चालू ठेवला, तरी काय बघणार आहे तो?

अण्णा रागानं निघून गेला. मला धड सही करता आली नाही, धड नाहीही म्हणता आलं नाही.

परत तो फोटो उघडला. ती गाठ मीच मारलेली.

कॅमेऱ्यात आबा दोनदा आले. सापडलो ते आम्ही.