तक्त्याची शेवटची ओळ

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण आमची कन्या. आजोबांकडे, आपल्या नानांकडे राहून कॉलेज शिकतेय म्हणून इतके दिवस निर्धास्त होतो, तर बाईसाहेबांनी त्यांची गाडी सुसाट नेऊन शेजाऱ्यांच्या फाटकावर घातली. फाटक वाकलं, दिवा फुटला, मध्ये माणूस नव्हतं हे नशीब. नानांनी किल्ली काढून घेतली आणि विसाव्या वर्षी गाडी देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, असं तोंडावर सुनावलं. मी म्हटलं, शाब्बास! आकडेही तेच सांगतात, सगळ्यात जास्त धडकतात ती ही कोवळी पोरंच. उलट नानांनी चाळीस वर्षं लोकांना मोटार शिकवली, स्वतःच्या गाडीला कधी ओरखडा नाही.

आता ती रुसून म्हणते, नानांनाच नीट दिसत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! बरं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परवाना चालू ठेवायला नानांना डोळ्यांचा दाखला हवा आहे. घरात डोळ्यांची डॉक्टर असताना त्यांना दुसऱ्याच्या दारात रांगेत उभं करू नकोस.

तुझ्या रागाची भीती आणि लोभाची खात्री असलेला,
धाकटा

१६ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल नाना इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः गाडी चालवत दवाखान्यात आले. खुर्चीत ताठ बसले आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. तुला आठवत असेल, तो तक्ता त्यांच्याच मोटार शाळेतला. शिकायला आलेल्या माणसाला चाकाला हात लावू देण्याआधी ते त्याच्यासमोर उभं करायचे. शाळा बंद केली तेव्हा तो त्यांनी मला दिला. नवा तक्ता कपाटात पडून आहे, तो लावला तर नाना हिरमुसतील. शेवटची ओळ त्यांनी म्हटली तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. माझे पन्नाशीतले रुग्ण तिथवर पोचत नाहीत.

खरं तर थेंब घालून डोळ्याचा आतला पडदा बघायला हवा होता. पण थेंब घातले की चार तास धूसर दिसतं, मग मी गाडी घरी कशी नेऊ, असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. मी सोडून दिलं. आमच्या पुस्तकात आहे की पोरासोरांचा धोका मधल्या वयात उतरतो आणि पंचाहत्तरीनंतर परत चढतो. पण सगळ्यांचं वय सारखं नसतं, आणि नाना म्हणजे नाना. दाखल्यावर सही केली.

तुझ्या कन्येला सांग, गाल फुगवून किल्ली मिळत नसते. नाना तिला रोज शेजारी बसवून कॉलेजला सोडतात, एवढं पुष्कळ झालं.

लोभ करतोसच, म्हणून मागत नाही.
ताई

३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फाटकाची चूक माझीच. मैत्रिणींना दाखवायला पळवली गाडी. किल्ली मी परत मागत नाहीये, आधी हे वाच आणि मग पुढचं वाच.

सिग्नल जवळ आला की नाना मला विचारतात, सांग बघू रंग कोणता. माझी परीक्षा घेतल्यासारखं विचारतात. मी लाल म्हटलं की थांबतात. कडेचं त्यांना दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. गेल्या आठवड्यात एक माणूस रस्ता ओलांडत होता, मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. घरी आल्यावर म्हणाले, ताईला बोलू नकोस. तुझ्या दवाखान्यातली अक्षरं ते इथे स्वयंपाकघरात भाजी निवडताना, कोऱ्या भिंतीकडे बघून म्हणतात. तुझ्या कपाटातला तक्ता एकदा लाव ना गं.

उद्यापासून मी गाडीत बसणार नाही. मी बसते म्हणून ते चालवतात. मी उतरले की तेही उतरतील.

तुझा राग सोसेन, पण उत्तर पाठव.
तुझी भाची

१७ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

परवा फोनवर तू रडत होतीस, म्हणून लिहितो. नानांच्या गाडीखाली आलेल्या त्या बेकरीवाल्या बाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, याचं मलाही वाईट वाटतं. पण भर दुपारी पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध उभं राहून हात कसला हलवायचा? आणि आमची कन्या! शेजारी बसली असती तर ओरडली असती, नानांनी ब्रेक लावला असता. रुसून घरी बसली आणि म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडलं. त्या बाईचा पाय तुझ्यामुळे गेला, असं मी तिला स्पष्ट लिहिलं आहे.

आता आरटीओचे निरीक्षक तुझ्याकडे येणार आणि तपासणी पुन्हा समोर करून दाखवा म्हणणार. दाखव. तक्ता मात्र तोच राहू दे, नानांना सवयीचा आहे. तुझी सही आहे, पदवी आहे, घराचं नाव आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लोभ आता सांभाळून असावा.
धाकटा

२९ जुलै

धाकट्यास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

तक्ता तोच ठेव, हे तुला कसं सुचलं ते विचारत नाही. पोरीनं तुलाही लिहिलं होतं, काल बोलली. तिचं एक पत्र तुझ्याकडे पडलं, एक माझ्या खणात दहा दिवस पडलं. तक्ता बदलायला दोन मिनिटं लागतात. मी तो बदलला नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं.

बाई मधोमध का थांबल्या ते ऐक. त्यांना भेटून आले. त्या वीस वर्षांपूर्वी नानांकडेच गाडी शिकल्या. पट्ट्यांवर माणूस दिसला की इंजिन बंद पडलं तरी चालेल, गाडी थांबलीच पाहिजे, हे नानांनी त्यांच्याकडून रोज म्हणवून घेतलं होतं. गाडी ओळखीची दिसली म्हणून त्यांनी घाई केली नाही, हात वर केला. मास्तर थांबतील असं वाटलं, एवढंच म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काल निरीक्षक आले. मी नवा तक्ता लावला होता. नाना इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले, एक डोळा झाकला आणि सुरू झाले. वरचं अक्षर, मधल्या ओळी, शेवटची ओळ, कुठे अडखळले नाहीत. सगळं बिनचूक, सगळं जुन्या तक्त्यातलं. निरीक्षक एकदा भिंतीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. पोरगी दारात उभी राहून रडत होती. नाना संपवून साधारण माझ्या दिशेला वळले आणि पास ना, असं त्यांनी विचारलं.

मी नापास लिहिलं. जूनचा दाखला पुरती तपासणी न करता दिला, हेही खाली लिहून सही केली. पदवीचं जे व्हायचं ते होवो.

गाडीची किल्ली मी पोरीपुढे ठेवली. तिनं हात लावला नाही, पायी कॉलेजला गेली. तुझं पत्र तिनं फाडून टाकलंय. पण काल रात्री माझ्याजवळ झोपली होती, तेव्हा ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

माझ्यावरचा लोभ राहू दे बाजूला. असेल तेवढा तिला लिही.
ताई