आत्या हा विश्वसनीय स्रोत नाही

सीवूड्स,
मंगळवार

तीर्थस्वरूप मालतीआत्येस,

कुंदनचा वाकून नमस्कार. (वाकलो आहे असं समज, कमरेमुळे डॉक्टरांनी प्रत्यक्षात मनाई केली आहे.) उरणची हवा तुझ्या गुडघ्याला मानवली का? आणि क्रांतीने आणलेलं कानाचं मशीन कानात घालतेस, की अजून देव्हाऱ्यातच ठेवतेस? परवा तू फोन केलास, "अरं, माजा बा जल्मात होरीत बसला नाय, त्यानी शंक कवा फुकला?" एवढं विचारलंस आणि माझं उत्तर यायच्या आत ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. लेक या नात्याने क्रांती ते तुला वाचून दाखवेलच. (क्रांती, कंसातलंही वाच. गाळलंस तर मला कळेल.)

महाप्याची नोकरी सोडल्यापासून मी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात लेख लिहितो. तिथे कोणीही लिहू शकतं आणि कोणीही ते खोडू शकतं. पगार नाही, रजा नाही, भांडणं मात्र सोसायटीच्या मीटिंगपेक्षा नियमित. इथल्या जुन्या गावांचे लेख आम्ही दोघं बघतो, मी आणि इंद्रजित. तो मूळचा साताऱ्याचा, राहतो कोपरखैरण्याला आणि वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गाळ्यावर वजनकाटा सांभाळतो. त्यामुळे काट्यावर चढवल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नाही. माणूस सज्जन आहे; सज्जन माणसं जितका त्रास देऊ शकतात तितकाच देतो.

आपल्या दिवाळे गावाच्या लेखात दोनच ओळी होत्या, लोकसंख्या आणि पिनकोड. मी बसलो आणि त्रेचाळीस ओळी लिहिल्या. होड्या कुठे लागायच्या, सुकट कुठल्या वाऱ्यावर घालायची, चिखलातले मासे, म्हणजे निवट्या, कुठल्या भरतीनंतर मिळतात, तुम्ही बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन निघालात की पहिला विसावा कुठल्या वळणावर घ्यायचात. सगळं तुझ्या पाटीमागून चालताना ऐकलेलं. इंद्रजितने ओळीओळीला 'संदर्भ हवा' असा शिक्का मारला. मी प्रामाणिकपणे लिहिलं, संदर्भ : माझी आत्या. त्याचं उत्तर शब्दशः देतो : "कुंदनजी, आत्या हा विश्वसनीय स्रोत नाही."

(तू दिलेल्या मासळीच्या वाट्यावर अर्ध्या बेलापूरने कधी शंका घेतली नाही. पण बेलापूरची साक्षही छापलेली नव्हती.) संदर्भ द्यायची सात दिवसांची मुदत संपली, त्रेचाळीसही ओळी गेल्या आणि लोकसंख्या व पिनकोड पुन्हा एकमेकांची तोंडं बघत बसले.

आता पुढचं ऐकण्याआधी पाणी पी. त्या रागात मी आजोबांवर एकच ओळ लिहिली : 'एका भयंकर तुफानात गोटीराम यांनी भर खाडीत होडीतून शंख फुंकून अकरा होड्या सुखरूप परत आणल्या.' खाली संदर्भ दिला, 'बंदर-वृत्तांत, खंड दुसरा, पृष्ठ २१४'. असं पुस्तक नाही, आत्या. दुसरा खंड नाही आणि पहिलाही नाही. मला वाटलं, इंद्रजित पुस्तक मागेल, मग छापील संदर्भही खोटा असू शकतो हे दाखवून मी त्याची चांगली जिरवेन. पण पृष्ठक्रमांक दिसला की या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. त्याने ओळ ठेवली, माझा एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि 'उत्तम संदर्भलेखन' असं पदक माझ्या पानावर डकवलं. मी गप्प बसलो. पदक बरं दिसत होतं.

मग रूपेशने, म्हणजे इथल्या एका साप्ताहिकाच्या बातमीदाराने, पान भरायला तीच ओळ उचलून फुलवली. त्यात वीज कडाडली, अकराच्या सतरा होड्या झाल्या. ते वाचून गावातल्या मंडळाने जेट्टीवर संगमरवरी पाटी बसवली. इंद्रजितने साप्ताहिक आणि पाटीचा फोटो, दोन्ही संदर्भ म्हणून जोडले.

तेव्हा मात्र मी चर्चेच्या पानावर जाहीर कबुली दिली : हे खोटं आहे, मीच लिहिलं, माझे आजोबा भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्येसुद्धा ओकायचे. इंद्रजित म्हणाला, "आपण गोटीरामांचे नातू. घरच्या माणसाने या लेखात हात घालू नये. शिवाय ओकण्याला संदर्भ नाही. शंखाला तीन आहेत."

तर या महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या पाटीचं अनावरण आहे आणि पडदा गोटीरामांच्या लेकीने ओढायचा आहे. माझं एवढंच मागणं, ये, पडदा ओढ, शाल घे, हस आणि काही बोलू नकोस. मशीन देव्हाऱ्यातच राहू दे. गावाला एक शूर माणूस मिळाला आहे, तो राहू दे.

बाकी क्षेम.

तुझा भाचा,
कुंदन

ता. क. : वरचं मागणं रद्द. पाकीट चिकटवायच्या आत रूपेशचा फोन आला. अंकाचं मधलं पान त्याने तुझ्यासाठी राखलंय आणि तू माईकवर जे बोलशील ते जसंच्या तसं छापणार आहे. मी लगेच इंद्रजितला विचारलं. त्याने बराच विचार करून सांगितलं, "आत्या चालत नाहीत. छापलेल्या आत्या चालतील." तेव्हा मशीन घालून ये आणि बोल. होड्या, सुकट, निवट्या, विसाव्याचं वळण, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. (यादी सोबत जोडली आहे. क्रांती, रोज संध्याकाळी एकदा म्हणून घे.) शंख खोटा, हेही सांग. आणि आजोबा पाण्याला घाबरायचे, पण किनाऱ्यावर बसून त्यांनी गावातलं एकही जाळं फाटकं खाडीत जाऊ दिलं नाही, हे सगळ्यात आधी सांग. त्या त्रेचाळीसांतली ती माझी पहिली ओळ होती.

ता. क. २ : शंखाची ओळ कोणी लिहिली, ते तेवढं माईकवर बोलू नकोस. माझी कबुली चर्चेच्या पानावर आहे आणि ते पान आपल्या गावात कोणी उघडत नाही. कोणी विचारलंच तर म्हण, संदर्भ नाही. (क्रांती, हे वाचून झालं की आत्येला दोनदा विचार, कळलं का. आणि मला कळव, ती हसली का.)